सरासरी वीस मिनिटे

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर, पत्र्याच्या आडोशाला
माझा टाइपरायटर. त्याचं ‘ह’ ओळीच्या वर उडतं,
त्यामुळे मी टाइप केलेली हरकत
साहेबाला लांबूनच ओळखू येते.

त्या वर्षी भिंतीवर नोटीस लागली:
घरांची माहिती गोळा करणेची आहे,
नमुन्याचा मसुदा सोबत जोडला आहे,
जनतेने तीस दिवसांत कळवावे
की ही माहिती विचारण्याची खरोखर गरज आहे का,
प्रश्न समजतात का,
आणि नमुना भरण्यास लागणारा वेळ, सरासरी वीस मिनिटे,
बरोबर धरला आहे का.

एकोणतीस दिवस कोणी फिरकलं नाही.
नोटिशीवर कुणीतरी तियात्राचं पोस्टर चिकटवलं,
खाली ‘वीस मिनिटे’ तेवढं उघडं राहिलं.

तिसाव्या दिवशी इनासीन बार्रेतो आली.
काखेत पिशवी, पिशवीत आंबाडे.
म्हणाली, लिही.

काय लिहू?

लिही, रकाना चार. घराचा मालक कोण.
जमीन भाटकाराची. भाटकार लिस्बनला, वारला म्हणतात.
चिरे माझ्या नवऱ्याने वाहिले, डोक्यावरून.
कौलं शेजारच्या बाबलो वेळीपाने उसनी दिली,
अजून परत मागितलेली नाहीत.
मागची भिंत आम्हा दोघांची एकच,
त्याचा खोकला माझ्या घरात येतो,
माझ्या बांगड्यांचा वास त्याच्या.
आता ह्यातला मालक कोण
ते तुझ्या त्या बोटभर चौकोनात कसं घालू?

म्हटलं, बाय, हे हरकतीत बसत नाही.
मग सूचना म्हणून लिही, ती म्हणाली.

रकाना सात. बांधकामाचे वर्ष.
कुठलं घालू? पुढची खोली लग्नाच्या वर्षी.
न्हाणी, थोरला बोटीवर लागला तेव्हा.
संडास सरकारने बांधला, दार यायचं आहे.
घर अजून बांधून झालेलंच नाही रे.
होईल तेव्हा कळवीन म्हणून लिही.

रकाना अकरा. राहणाऱ्यांची संख्या.
एक.
पण थोरला वर्षातले नऊ महिने दर्यावर,
त्याची खाट मी घातलेलीच ठेवते.
त्याला धरायचा की नाही?

इथे ती थांबली. मीही थांबलो.
मग टाइपरायटरची घंटी वाजली,
ओळ संपत आली होती, एवढंच.

आणि वीस मिनिटांचं?
तिने बोटं मोजली.
भाटकाराच्या मुखत्याराकडे मडगावला दोन फेऱ्या.
पंचायतीत, सचिव नसताना तीन, असताना एक.
नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलेलं,
त्याचे चार महिने.
मुंडकार म्हणून नोंद व्हावी, त्याची...
लिही, तेवीस वर्षं. आणि चालू आहे.

सही येते का, विचारलं.
तिने लांब शेपटीची सही ठोकली,
पोर्तुगीज शाळेतल्या एका पावसाळ्याची कमाई.
पावती मिळाली. क्रमांक एक.
तालुक्यातून तेवढी एकच गेली.

दीड वर्षाने छापील नमुना आला.
मालक कोण, तसंच. बांधकामाचे वर्ष, तसंच.
रकाना अकराच्या खाली मात्र बारीक अक्षरांत:
कामानिमित्त बाहेर असलेले धरावेत.
आणि अगदी तळाला:
सरासरी पंचवीस मिनिटे.

ते तिच्यामुळे, की कारकुनाच्या हातचुकीने,
मला ठाऊक नाही. मी नुसतं वाचून दाखवलं.

पाच मिनिटं वाढवून दिली? ती म्हणाली.
मग माझ्या बाकड्यावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन,
कचेरीच्या घड्याळाकडे बघत.
काही बोलली नाही. एक आंबाडा चोखला.
पाच झाली तशी पदराला हात पुसून म्हणाली,
आता भर.
अकरापासून सुरू कर.
दोन लिही.